कारलीचे चार पाय

मी श्रीरंग डोळस. वसई तालुक्यातला सर्वश्रेष्ठ मराठी गुप्तहेर. दुसरा कुणी नसल्यामुळे या विधानाला आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. माझी उंची बेताची आहे, कारण गुप्तहेराने गर्दीत उठून दिसू नये. पोट थोडं पुढे आहे, कारण गुप्तहेराला पुष्कळ गोष्टी पोटात ठेवाव्या लागतात. चष्म्याच्या काचा जाड आहेत. माझी नजर इतकी तीक्ष्ण आहे की ती लोकांना लागू नये म्हणून डॉक्टरांनीच ही सोय केली असावी. उभी हयात वीज खात्यात मीटर वाचण्यात गेली. त्या काळात शेकडो घरांत शिरलो, हजारो जिन्यांखाली वाकलो आणि माणूस वाचायला शिकलो. माणसाचं वाचन चुकलं तर पुढच्या महिन्यात दुरुस्त करून मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

निवृत्त झाल्यावर गोखिवऱ्यातल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी पाटी लावली, 'गरुडदृष्टी गुप्त अन्वेषण केंद्र'. पाटी मोठी होती म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे आशालतेने, उरलेल्या जागेत आपल्या धंद्याचंही रंगवून घेतलं. त्यामुळे आता पाटी अशी वाचली जाते: 'गरुडदृष्टी गुप्त अन्वेषण केंद्र. फॉल-पिको करून मिळेल. मॅचिंग दोरा आणावा.' गुन्हेगारी जगतात या पाटीने गोंधळ माजवला असणार यात शंका नाही. गुन्हेगार आमच्या दाराकडे फिरकतच नाहीत.

ही हकिगत दोन हजार सात सालची, थंडीतली. सकाळी बेल वाजली. दारात पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस उभा होता. हातात एक काठी, आणि काठीवर मधोमध कोयत्याने पाडलेली खाच.

"डोळस तुमीच काय?"

"या घरात दोन डोळस आहेत. कुठला हवाय?"

"साड्या शिवत नाय तो."

मी त्याला खुर्ची दिली आणि त्याच्यावर नजर रोखली. अशिलाला पहिल्या मिनिटात गार करायचं हा आमच्या धंद्याचा नियम आहे.

"आपण अर्नाळ्याहून आलात," मी म्हणालो. "होडी आहे. काठीवरची खाच म्हणजे खाडीच्या पाण्याची खोली."

"वटारसून आलो. केळीची वाडी हाय आमची. अँथनी तुस्कानो."

"तेच मी म्हणणार होतो. बोला."

अँथनीने काठी मांडीवर आडवी ठेवली. "आमच्या घरात भांडान लागलंय. जुन्या पिढीची आनायची का नव्या पिढीची."

मी दार लोटून घेतलं. असे कौटुंबिक मामले नाजूक असतात. "मुलाचं स्वतःचं म्हणणं काय?"

"कोनाच्या मुलाचं?"

"ज्याला बायको आणायची आहे त्याच्या."

"गाडी, हो! गाडी आनायचीय!"

मग खुलासा झाला. कॅरेला नावाची एक गाडी आहे. धड मोटार नाही, धड जीप नाही. मोटारीच्या घरात जन्मलेली आणि जीपच्या घरात दिलेली. कंपनीने नुकतीच तिची नवी पिढी बाजारात आणली होती. अँथनीच्या बायकोला, रोझलीनला, ती शोरूममधली कोरी करकरीत हवी होती. अँथनीला जुन्या पिढीचीच हवी होती, वापरलेली. वटारमध्ये कॅरेला हे नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे तिला कारली म्हणत. 'कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच,' असं रोझलीन जुनीबद्दल उठताबसता म्हणत होती.

"पन आमच्या आईला जुनीच जमनार," अँथनी म्हणाला. "आईचे गुडघे गेलेत. रिक्षात वाकता येत नाय, पुतण्याच्या जीपमधी चडता येत नाय. ही खाच बगा. आईच्या खुर्चीची उंची हाय ही. या उंचीवरसून ती आपली आपन उठते, कोनाचा हात लागत नाय. जुन्या कारलीची शीट बरोबर खाचेला लागते. नवी चार बोटं खाली जाते."

"चार बोटांसाठी एवढं?"

"वरीस झालं आई देवळात गेली नाय. आता रविवारी गावचा सण. गेल्या साली पोरं म्हनली, खुर्चीत बसवून चौघं उचलून नेतो. तर आई म्हनली, चौघांनी उचलायची येळ येल तवा येल, मी अजून मेली नाय." त्याने खाचेवरून अंगठा फिरवला. "ती आपल्या पायानं जाईल नायतर घरी बसंल. सणाचं लुगडं काढून ठेवलंय तिनं."

मी मान हलवली, पण माझं लक्ष एका शब्दावर खिळलं होतं. तुस्कानो! अँथनी! आणि आईला न्यायचंय कुठे, तर देवळात! मी हळूच टिपून ठेवलं: 'अशील तोतया असण्याचा दाट संभव.'

"मग अडलंय कुठे?" मी सावधपणे विचारलं.

"एक जुनी कारली बगितलीय. मालक जितेश वैद्य. गाडी एवढी चकाचक का आमची रोझलीन म्हनते, अशी गाडी कोन इकतो? सव्वीस जुलैच्या पुरात बुडालेली असंल, नायतर काय भानगड असंल. भानगड नाय एवढं तुमी बगून सांगा, म्हंजे आमी घेतो. तो तुमच्याच कॉलनीत राहातो, म्हनून तुमच्याकडं आलो."

"आमच्या कॉलनीत? इथे अशी गाडी असती तर माझ्या नजरेतून सुटली नसती."

"तुमच्या जिन्यासमोर हुबी हाय. हिरवी. तिलाच टेकून तुमचा पत्ता इचारला मी."

तो गेल्यावर मी गॅलरीतून खाली पाहिलं. होती खरी. मागच्या दारावर स्टेपनी लटकवलेली, हिरवीगार. आशालता पिकोच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "गेली तीन वर्षं तुम्ही रोज तिच्या आरशात भांग पाडून खाली जाता."

"मी भांगाकडे पाहतो. गुप्तहेराने विषय सोडू नये. आणि तुला सांगून ठेवतो, हा माणूस ख्रिस्ती नाही. आईला देवळात न्यायचं म्हणतो."

"इकडे चर्चलाच देऊळ म्हणतात. इतकी वर्षं झाली बार्शी सोडून, अजून तुमचं सामान उतरतंय."

मी तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवला.

दुपारी मी वेषांतर केलं. भरघोस मिशी, डोक्याला उपरणं, हातात गाडीच्या काचा पुसायचं फडकं. खाली उतरून मी सहज पुसत पुसत गाडीपाशी गेलो. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीच्या गालिच्याला खारट चव येते, असा माझा स्वतःचा सिद्धांत आहे. पुढचं दार उघडंच होतं. मी आत वाकून गालिच्याचं टोक जिभेला लावलं.

वरून जितेशची बायको क्षितिजा ओरडली, "डोळसकाका, भूक लागलीय का? उपमा देऊ?"

जितेश जिन्यातून खाली आला. हा कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारा, तिशीतला, सदा हसतमुख तरुण. गुन्हेगार हसतमुख असतात हे मी मीटर वाचत असताना पुष्कळदा पाहिलंय. तारेवर आकडा टाकणारे तर चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

"काका, मिशी कधी ठेवलीत? छान दिसते. जरा डावीकडे सरकलीय."

मी मिशी सरळ केली. "ही गाडी विकतोस म्हणे?"

"हो ना. वटारचे एक काका बघून गेलेत. तुम्ही बघा ना निवांत, किल्ली घ्या."

किल्ली घ्या! इतका निर्ढावलेला माणूस मी पाहिला नव्हता. तो वर गेल्याबरोबर मी मागचं दार उघडलं. जुन्या कारलीचं मागचं दार कपाटासारखं बाजूला उघडतं. आत डिकीत करडा गालिचा होता. तो उचलला आणि माझ्या अंगावर काटा आला. खाली एक रुंद फळी होती. फळीवर सुरीचे वार, एकावर एक, असंख्य. एका कोपऱ्यात लाल डाग, कुणीतरी घासून घासून पुसायचा प्रयत्न केलेला, पण न निघालेला. आणि फळीच्या कडेला एक काळा, मजबूत पट्टा लोंबत होता, मूठभर लांबीचा. गळा आवळायला अगदी पुरेसा.

मी गालिचा पूर्ववत टाकला आणि पलीकडच्या पाण्याच्या टाकीमागे दडून बसलो. गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतो. जितेश आला. हातात पिशवी होती, ती त्याने डिकीत ठेवली. गालिचा विस्कटलेला पाहून वाकला आणि खाली काहीतरी दाबून नीट केलं. तेवढ्यात वरून क्षितिजाचा आवाज आला, आणि तोही साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल असा.

"जितेश, पाय नीट दुमडलेस ना रे? मागच्या वेळी एक बाहेर राहिला होता, सगळ्या रस्ताभर वाजत होता!"

"दुमडले गं! चारही आत घातले. वर गालिचा टाकलाय, कुणाला कळणारही नाही खाली काय आहे ते!"

मी टाकीला घट्ट धरलं. चारही पाय. माणसाला पाय दोन. चार भागिले दोन, बरोबर दोन. त्या गाडीतून दोन मृतदेह वाहून नेले होते! एकच गोष्ट मला कळेना: मेल्यावर पाय वाजतो कसा? मग ध्यानात आलं. संधिवात. बळी वयस्क होते.

पण सिद्ध झाल्याशिवाय बोलायचं नाही, हे माझं ब्रीद. त्या डिकीत दोन माणसं मावतात का? आमच्या जिन्यासमोरची गाडी मोजली असती तर संशयित सावध झाला असता. म्हणून मी हायवेवरच्या शोरूममध्ये नवी कारली बघायला गेलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आशालता म्हणाली, पण ती फॉल लावते, तिला तपासातलं काय कळणार.

शोरूममध्ये संकेत नावाचा टाय लावलेला मुलगा पुढे आला. "वेलकम सर! ही न्यू जनरेशन. जुनीशी कम्पेअरच करू नका. लुक बघा, लाइन बघा."

"डिकी दाखवा."

"शुअर सर. जुन्याचं दार साइडला उघडायचं, मागे भिंत असली की पंचाईत. हिचं डायरेक्ट वर जातं. पावसात खाली उभं राहता येतं. स्टेपनी खाली टाकलीय, मागून एकदम क्लीन. आणि लोडिंग हाइट कमी केलीय, जड सामान उचलायला त्रास नाही."

मी मनात नोंद घेतली. नवी पिढी गुन्हेगारांच्या जास्तच सोयीची होती.

"सर साधारण काय सामान ठेवणार?"

"समजा, साडेपाच फुटाचं. सुरुवातीला वाकतं. नंतर वाकत नाही."

संकेतने विचार केला. "सुरळी केलेलं कार्पेट?"

"त्यात गुंडाळलेलं असू शकतं."

"सीट फोल्ड केली की आरामात बसेल सर."

"आणि पायांचं काय?"

त्याचा चेहरा उजळला. "लेगरूम? सर, तेच तर हिचं वैशिष्ट्य! चार काय, दहा पाय आरामात मावतील."

दहा! भागिले दोन, पाच! मी जवळच्या खुर्चीत बसलो. त्याने पाणी आणून दिलं. "जुन्यात लेगरूम ठीक होती सर, पण जुन्याच्या डिकीत एक गंमत होती, ती नव्यात काढून टाकलीय. खाली जी फळी असते ना, ती–"

"जुन्याच्या फळीबद्दल मला शिकवू नका, तरुण माणसा," मी कपाळ पुसत म्हणालो. "ती फळी मी पाहिलेली आहे."

संध्याकाळी अँथनीला फोन करून मी अहवाल दिला. पुराचा संशय मिटला होता, गालिचा अळणी होता. खुनाचा मात्र मिटला नव्हता, आणि खून एक नसून दोन होते.

पलीकडून अँथनी म्हणाला, "देवा रे. मंग नको. असल्या गाडीत आईला देवळात कशी नेऊ? आनि नवीत तिला बसता येत नाय." आवाज खाली गेला. "आता या सालीबी नाय जमत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पुन्हा फोन आला. मी अंघोळीला गेलो होतो, आशालतेने घेतला. मी बाहेर आलो तेव्हा ती मशीन बंद करून उभी होती.

"काय सांगितलंत तुम्ही त्या माणसाला?"

"खुनाचं."

"कुणाचा खून? जितेशला झुरळ मारता येत नाही, क्षितिजाला हाक मारतो. आणि तिकडे त्या म्हातारीनं काल रात्री सणाचं लुगडं परत पेटीत ठेवलं. सून म्हणाली, चला, थोडं वाकून बसा नव्या गाडीत. तर म्हणाली, राहू दे, मी घरूनच प्रार्थना करीन." आशालतेने पदराने डोळे टिपले. माझ्या मृतदेहांवर तिने कधी असा अश्रू ढाळला नव्हता. "घाला सदरा. आपण वटारला जातोय."

"कशाला?"

"आजींना एकदा त्या गाडीत बसू दे. मग ठरवा तुमचे खून."

ती गॅलरीत गेली आणि खाली ओरडली, "जितेश! गाडी काढ, वटारला जायचंय!" तो "आलो काकू" म्हणाला. क्षितिजाही निघाली. रविवार उजाडायला अवकाश होता, पण त्यांच्याकडे उद्या अजून एकजण गाडी बघायला येणार होता, हेही तिने जाता जाता सांगितलं. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच.

मी विरोध केला नाही. माझ्या मनात वेगळीच योजना शिजत होती. सर्व संशयित एका जागी, साक्षीदार भोवती, आणि मध्ये मी. असा योग थोर गुप्तहेरांनाही विरळा मिळतो. वाटभर मी मागच्या सीटवर गंभीर बसून राहिलो. एका खड्ड्यात मागून काहीतरी खडखडलं. मी मनातल्या मनात त्या दोघांना श्रद्धांजली वाहिली.

वटारला तुस्कानोंचं घर केळीच्या वाडीत. अंगणात रोझलीन उभी होती, चेहरा करडा. अँथनी काठी घेऊन आला. ओट्यावर एका लाकडी खुर्चीत म्हातारी बसली होती, बर्था. लहानखुरी, अंगावर घरचं जुनं लुगडं, नजर मात्र माझ्यापेक्षाही तीक्ष्ण. चष्मा नव्हता.

"ही कारली का?" तिने विचारलं.

"हो आजी," जितेश म्हणाला.

बर्थाने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. अँथनी धावला, तिने त्याला नजरेनेच थांबवलं. उठली. भिंतीला, मग खांबाला, मग गाडीला धरत एकेक पाऊल टाकत अंगणात आली आणि गाडीभोवती फिरू लागली, घोडा विकत घ्यायचा असल्यासारखी. मी हीच वेळ साधली. मागचं दार सताड उघडलं, गालिचा बाजूला फेकला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिलो.

"कुणीही जागचं हलू नका!" मी म्हणालो.

"कोन हा?" बर्थाने विचारलं.

"गुप्तहेर हाय," अँथनी पुटपुटला.

"बरा हाय ना?"

"सभ्य स्त्री-पुरुषहो," मी सुरू केलं, "ही गाडी वरून चकचकीत आहे. पण हिच्या पोटात एक काळं रहस्य दडलंय. हे पाहा सुरीचे वार! हा पाहा रक्ताचा डाग! हा गळा आवळण्याचा पट्टा! आणि काल या कानांनी मी ऐकलंय, जितेश वैद्य, तू स्वतःच्या बायकोला काय सांगत होतास? चारही पाय दुमडून आत घातले! वर गालिचा टाकला! कुणाला कळणार नाही! सांग, कुणाचे होते ते चार पाय?"

जितेशने तोंड उघडलं. क्षितिजाने त्याच्याकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अपराधी माणसाची वाचा बसते ती अशी.

"बोलत नाहीस ना? मग मीच सांगतो. ते पाय होते–"

बर्था गाडीच्या मागच्या बाजूला पोचली होती. माझं भाषण तिच्या गुडघ्यांपेक्षा लांबलं होतं. तिने धरायला काहीतरी शोधलं, आणि हाताला लागला तो पुरावा क्रमांक तीन, तो पट्टा. तिने तो धरला आणि ओढला.

"आजी, थांबा, मी देतो लावून!" जितेश धावला.

फळी सरकत बाहेर आली. जितेशने तिला खालून हात दिला, उलटी केली, आणि फळीच्या पोटाखालून एकेक करून बाहेर पडले, टप, टप, टप, टप, लोखंडी पाय. त्याने ते जमिनीवर टेकवले आणि फळी सारखी केली.

अंगणात एक टेबल उभं होतं.

"ह्ये तर मेज हाय," बर्था म्हणाली.

"हो आजी. जुन्या मॉडेलला डिकीची फळीच टेबल असते. सहलीला बाहेर काढायचं," क्षितिजा म्हणाली. "आम्ही चिंचोटीला धबधब्यावर जायचो ना, तेव्हा यावरच कांदा कापायचो. तो डाग बिटाचा. दोनदा घासला, जात नाही."

मी वाकून पाहिलं. मग आणखी वाकून पाहिलं. गुप्तहेराने पुराव्यापुढे नम्र असावं, आणि मी तेव्हा अगदी जमिनीलगत नम्र झालो होतो. पाय चारच होते. चौथ्याची खीळ सैल होती, म्हणजे वाजणारा तोच असणार. संधिवाताचा अंदाज तसा फार चुकला नव्हता.

आशालता हसत नव्हती. ती हसली असती तर बरं झालं असतं. हसली रोझलीन, पण मग तिने पदर सारखा केला आणि जितेशकडे वळली. "ते राहू दे. तू मला एक सांग बाबा. एवढी चांगली गाडी, काय मोडलं नाय, काय बुडलं नाय, मंग इकतोस कशाला?"

हाच तर मूळ प्रश्न होता. या प्रश्नासाठी मी मिशी लावली, गालिचा चाटला, शोरूममध्ये पाणी प्यायलो. तो जितेशलाच विचारावा हे मला सुचलं नव्हतं.

जितेश गोंधळला. "काही नाही मावशी. नवी आली ना."

"आनि हिला काय झालंय?" बर्थाने विचारलं.

"काही नाही झालं, आजी. अजून कितीतरी वर्षं चालेल."

"मंग?"

जितेशने डोकं खाजवलं. मी सगळ्या प्रकारच्या उलटतपासण्या वाचल्या आहेत, पण एका शब्दात आरोपी निरुत्तर झालेला पहिल्यांदाच पाहत होतो. रोझलीन खाली बघत होती. इतके दिवस तीही हेच म्हणत होती, नवी आलीय तर जुनी कशाला, आणि हे तिला सासूच्या समोर उभं राहून पहिल्यांदा ऐकू आलं असावं.

बर्थाने टेबलावर दोन्ही हात टेकले. थोडा दम घेतला. मग टेबल सोडून गाडीला धरत पुढच्या दारापाशी गेली. अँथनी काठी घेऊन सीटजवळ उभा होता. खाच बरोबर सीटच्या कडेला लागत होती. तिने पाठ फिरवली आणि बसली. नुसती बसली, आपण खुर्चीत बसतो तशी, आणि पाय आत घेतले. मग उतरली. मग परत बसली. कुणाचा हात धरला नाही.

"रोझलीन," ती आतून म्हणाली, "लुगडं काढ पेटीतसून. घडी मोडली असंल, इस्तरी कर."

रोझलीन घरात गेली ती डोळे पुसतच. बाहेर यायला तिला वेळ लागला. इस्त्री तापायला एवढा वेळ लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो, वीज खात्यात होतो.

रविवारी सणाला अँथनीने आम्हा दोघांना बोलावलं होतं. आशालतेला बोलावलं होतं असं ती म्हणते. मी सोबत गेलो असं तिचं मत आहे. देवळाच्या आवारात, हो, देवळाच्याच, पताका लावल्या होत्या. बॅन्ड वाजत होता. हिरवी कारली आवारात शिरली तेव्हा पुतण्या आणि त्याचे तीन मित्र खुर्ची घेऊन धावत पुढे आले. गेल्या वर्षी ज्यात तिला उचलणार होते तीच खुर्ची.

पुढचं दार उघडलं. सणाचं लाल लुगडं नेसलेली बर्था बाहेर वळली, पाय टेकवले आणि उभी राहिली. त्या चौघांकडे पाहिलं.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "माझे चार पाय गाडीत हायेत."

आणि अँथनीची खाचेची काठी टेकत ती मिस्सेच्या प्रार्थनेला आत गेली, आपली आपण.

मिस्सा संपल्यावर अँथनीने मागचं दार उघडून मेज आवारातल्या झाडाखाली मांडलं. बर्थाला आता गावभर हिंडून कुणाला भेटता येत नव्हतं, म्हणून गावच तिच्याकडे आलं. वर्षभरात न भेटलेल्या म्हाताऱ्या भोवती जमल्या. फादर येऊन गेले. रोझलीनने तांदळाच्या वाफवलेल्या सांदणांचं पातेलं मेजावर ठेवलं आणि स्वतः सासूच्या खुर्चीमागे उभी राहिली. कुणीतरी तिला विचारलं, नवी नाय घेतली?

"जुनीला काय झालंय?" रोझलीन म्हणाली.

मला सांदणं वाढताना अँथनी मोठ्याने म्हणाला, "आई, ह्ये डोळस. यांनीच गाडीचा छडा लावला."

बर्थाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आशालतेकडे.

"यातला डोळस कोन?"

मी तोंड उघडलं, पण तोंडात सांदण होतं. तोवर आशालतेने एक खुर्ची मेजाजवळ सरकवली होती.

"तू बस बाय," बर्था तिला म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. "आनि तू, बसायच्या आदी मेजाखाली वाकून एकदा पाय मोजून घे."

मी वाकून मोजले. चारच होते.